पूर्ण मनाने देवावर प्रीती म्हणजे नक्की काय? मला तर प्रार्थनेत झोप लागते

रात्रपाळी

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथलं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, आता पिंपरीला असते. हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. मिस्टर चाकणला कंपनीत, त्यांचीही शिफ्ट. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, सासूबाई आमच्याजवळच असतात, पॅरालिसिसनंतर त्यांचा डावा हात चालत नाही. हे कौतुकासाठी किंवा कीव यावी म्हणून सांगत नाहीये, प्रश्न नीट कळावा म्हणून सांगतेय.

मागच्या महिन्यात उपासनेत पाळकसाहेबांनी मार्क १२:३० वर संदेश दिला. पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण मनाने, पूर्ण शक्तीने. चार वेळा ‘पूर्ण’ येतं आणि ते चारही वेळा त्या शब्दावर थांबले. आणि मी बाकावर बसून काय करत होते तर सोमवारच्या नाईटला कुणी बदली देईल का ह्याचा हिशोब. ‘पूर्ण’ कानावर पडलं की दचकायचे आणि परत ड्युटी लिस्टमध्ये शिरायचे. संदेश संपला, सगळे उठून गायला लागले, मला गाणं सुचेना, रडूच आलं.

खरं म्हणजे हे त्या एका रविवारचं नाही. सकाळचं मनन सुटून वर्ष झालं असेल. रात्री अंथरुणावर गुडघे टेकते, ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणते, मुलांची नावं घेते आणि तिथेच डोकं गादीवर टेकून झोप लागते, मग पहाटे मान अवघडल्यावर जाग येते. गायनमंडळ जूनमध्ये सोडलं कारण प्रॅक्टिस शनिवारी संध्याकाळी असते आणि माझी निम्म्या शनिवारी इव्हनिंग असते. महिला मंडळातल्या एका मावशींनी तोंडावर सांगितलं, तुझं मन आता प्रभूत राहिलं नाही. त्या वाईट नाहीत, माझ्या डिलिव्हरीला त्याच रात्रभर बसल्या होत्या, म्हणून जास्तच लागलं.

माझी आई चुलीपुढे बसून भाकरी थापताना ‘उपासना संगीत’ ह्या गीतपुस्तकातली गाणी म्हणायची, तिला ती सगळी पाठ, वाचता येत नव्हतं तरी. तिच्याकडे बघून वाटायचं हिचं सगळं देवाचं आहे. माझ्याकडे बघून माझ्या मुलीला काय वाटत असेल?

तर विचारायचं हे की पूर्ण मन द्यायचं म्हणजे पूर्ण वेळ द्यायचा का? तसं असेल तर माझ्यासारखीने काय करायचं? मी अर्धी ख्रिस्ती आहे का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. गोड बोलून समजूत काढू नका, शास्त्रातून सांगा.

योनाथान_९८

ताई जय ख्रिस्त. गोड बोलू नका म्हणालात म्हणून सरळ लिहितो, राग मानू नका.

मला वाटतं आपण सगळेच ‘वेळ नाही’ ह्या शब्दामागे लपतो. मीही लपायचो. दोन वर्षांपूर्वी एकदा मोबाईलमध्ये बघितलं की दिवसाला किती वेळ स्क्रीनवर जातो तर चार तास वीस मिनिटं. आणि त्याच दिवशी मी ग्रुपवर लिहिलं होतं की बायबल वाचायला वेळच होत नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याच रात्री दोन ॲप काढून टाकले आणि तेव्हापासून पाचला उठतो. लाओदिकियाच्या मंडळीला प्रभूने काय सांगितलं बघा, तू थंड नाहीस आणि गरमही नाहीस, कोमट आहेस. एलीयाने कर्मेल डोंगरावर लोकांना विचारलं की दोन मतांमध्ये किती दिवस लटपटत राहणार. कुणीही तिथे वेळेची अडचण सांगितली नाही, ते गप्प बसले.

देवाने आपल्यासाठी काहीही राखून ठेवलं नाही, पुत्रसुद्धा नाही. मग आपण उरलासुरला वेळ त्याच्या पुढ्यात ठेवायचा का? ताई गायनमंडळ सोडायला नको होतं. एखादी शिफ्ट बदलून मागा, पगार कमी झाला तर होऊ द्या. मी प्रार्थना करतोय तुमच्यासाठी, खरंच करतोय, नाव माहीत नाही तरी.

नेवाशाचा मास्तर

बाळ, सलाम. मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६८, पस्तीस वर्षं संडेस्कूल घेतली. तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेना, म्हणून आज सकाळी शास्त्र उघडून बसलो.

आधी योनाथानला. बेटा, तुझा आवेश चांगला आहे, तो विझू देऊ नकोस. पण एलीयाचा अध्याय तू अर्धाच वाचलास. पहिलं राजे १८ मध्ये कर्मेल आहे, अग्नी उतरला, लोक पालथे पडले. आता पान उलट, १९ वाच. तोच एलीया रतामाच्या झुडपाखाली पडलाय, मला मरण दे म्हणतोय आणि झोपी गेलाय. तिथे देवाचा दूत येऊन काय म्हणतो? प्रार्थना कर म्हणतो का? तू लटपटतोस का असं विचारतो का? ऊठ, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खाऊन परत झोपतो आणि दूत त्याला परत झोपू देतो, मग दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो कारण पुढची वाट लांबची आहे. थकलेल्या सेवकाला देवाने दिलेलं पहिलं उत्तर भाकर आणि झोप, हे मला पन्नाशी उलटल्यावर दिसलं, तोवर मी तो अध्याय कितीदा शिकवला होता कुणास ठाऊक.

आणि बाळ, प्रार्थनेत झोप लागणारी तू पहिली नाहीस. गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब, योहान हे शिष्य झोपले होते आणि तेही प्रभूला धरून नेलं त्या रात्री! प्रभू त्यांना जागे राहा म्हणाला, ते खरं आहे, त्याला दुःख झालं हेही खरं. पण त्याच तोंडाने तो म्हणाला की आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. म्हणजे झोप लागली म्हणून मन नाही असा अर्थ त्याने काढला नाही. मावशींनी काढला.

आता मुख्य मुद्दा, ‘पूर्ण’. प्रभूने हे वचन जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातून घेतलं, पाचवी ओवी. तिथून दोनच ओव्या खाली ये. ह्या गोष्टी मुलाबाळांना शिकव, आणि कधी बोल? घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. देवाने ‘पूर्ण’ म्हटल्यावर लगेच जागा सांगितल्या त्या घर, रस्ता आणि अंथरूण. त्यात मंदिराचं नाव नाही, मंदिर तेव्हा बांधलेलंही नव्हतं. आणखी एक, जिथे आपण ‘शक्ती’ वाचतो तिथला मूळ इब्री शब्द ‘मेओद’ आहे, त्याचा नेहमीचा अर्थ ‘फार, पुष्कळ’ असा होतो. तुझ्याजवळ जे काही असेल त्या सगळ्यानिशी. एखाद्याचं ते मोठं असेल, तुझं आज दोन ड्युट्यांच्या मधली वीस मिनिटं असेल. त्याच मार्क १२ च्या शेवटी विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन लहान नाणी, आहेत ना, प्रभूने पेटीत किती पडलं ते मोजलं नाही, तिच्याजवळ मागे किती उरलं ते बघितलं.

मग अर्धं मन कशाला म्हणायचं? शास्त्रात एक माणूस स्पष्ट आहे, अमस्या राजा, दुसरं इतिहास २५. तिथे लिहिलंय की त्याने परमेश्वराच्या दृष्टीने योग्य ते केलं पण खऱ्या मनाने केलं नाही. मी बरीच वर्षं हे वाचून पुढे जायचो. एकदा थांबून अख्खा अध्याय वाचला. लढाईसाठी शंभर किक्कार (हे वजनाचं जुनं माप) चांदी देऊन त्याने इस्राएलातून भाडोत्री सैन्य घेतलं. देवाचा माणूस म्हणाला हे सैन्य नेऊ नको, तर राजाचा पहिला प्रश्न काय, माझ्या शंभर किक्कारांचं काय? तरी ऐकलं, सैन्य परत पाठवलं, लढाई जिंकला. आणि जिंकून येताना अदोमी लोकांचे देव उचलून आणले आणि त्यांच्यापुढे धूप जाळायला लागला. हे अर्धं मन. तो दमला नव्हता की त्याला वेळ कमी पडत नव्हता. आत दुसऱ्या कुणासाठी तरी पाट मांडून ठेवला होता.

त्याच्यासमोर कालेब ठेव. गणना १४ मध्ये देव स्वतः त्याच्याबद्दल साक्ष देतो की हा मला पूर्णपणे अनुसरला. चाळीस वर्षांचा असताना देश हेरायला गेला, आणि डोंगर मागितला तेव्हा पंच्याऐंशीचा. मधली पंचेचाळीस वर्षं काय केलं त्याने? जास्त काही लिहिलेलं नाही. सगळ्यांबरोबर चालला, तंबू ठोकले, उपटले, मान्ना गोळा केला, बरोबरीच्या लोकांना वाळवंटात पुरलं, आणि तेही दुसऱ्यांच्या अविश्वासापायी, स्वतःची चूक नसताना. देव ज्याला पूर्ण म्हणतो त्या माणसाची निम्मी हयात अशी गेली. बाळ, तुझी चौदा वर्षं मला तशी दिसतात.

माझं सांगतो. माझं मन सगळ्यात जास्त वाटलं गेलं होतं तेव्हा मला भरपूर वेळ होता. रिटायर झालो होतो, रोज दोन तास शास्त्र, सगळ्या सभांना पहिल्या बाकावर, आणि आत मंडळीच्या कमिटीची निवडणूक चालू. कोण कुणाच्या बाजूने, कोण फुटेल. प्रार्थना करताना डोळे मिटले की मतं मोजायचो. बाहेरून बघणाऱ्याला माझ्याइतका देवाला वाहिलेला माणूस मंडळीत दिसला नसता. पडलो निवडणुकीत, आणि सहा महिने प्रभुभोजनाला गेलो नाही. तेव्हा कळलं पाट कुणासाठी मांडला होता ते.

म्हणून तू हे तपास की राग कशाने येतो, भीती कशाची वाटते, चार पैसे हातात आले की मन आधी कुठे धावतं. तिथे दुसरं कुणी बसलेलं सापडलं तर त्याला उठव. सापडलं नाही तर मग तू दमली आहेस, एवढंच. रोज एकच ओळ म्हण, स्तोत्र ८६:११, ‘तुझ्या नावाचे भय धरण्यास माझे चित्त एकाग्र कर.’ दाविदाला एकाग्र चित्त देवाकडे मागावं लागलं, आपण ते घरून घेऊन येणार का?

पापडीकर

नमस्कार, मी कॅथलिक आहे, वसईची, मधेच बोलले तर चालेल ना.

मास्तरांनी ‘घर, रस्ता, अंथरूण’ लिहिलंय त्यावरून ब्रदर लॉरेन्स आठवले. सतराव्या शतकातले, पॅरिसच्या कार्मेलाईट मठात होते, आधी सैनिक होते, पाय अधू झालेला. मठात त्यांना स्वयंपाकघर दिलं आणि त्यांना ते काम स्वभावाने अजिबात आवडायचं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याला वाटतं की संतांना भांडी घासायची आवडच असते. वर्षानुवर्षं तिथे राबले, नंतर चपला शिवायचं काम आलं, १६९१ ला वारले. त्यांचं म्हणणं असं की कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ त्यांच्या लेखी वेगळी नव्हती, स्वयंपाकघरातल्या गोंगाटात चार लोक चार गोष्टी मागत असतानाही ते देवाजवळ तसेच असायचे जसे गुडघ्यावर असताना. आणि मन भटकलं की स्वतःला शिव्या घालत बसायचे नाहीत, माफी मागायची आणि परत यायचं.

आमच्या घरात माझी आजेसासू अशी होती. वाडीतला मोगरा घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची. आदल्या संध्याकाळी ओटीवर बसून कळ्या ओवायच्या आणि ओवता ओवता रोझरी चालू. जपमाळ गळ्यात पण हातात सुईदोरा, मग ती मणी कशी मोजत असेल हे मला लग्न होऊन आल्यावर कळेना. एकदा विचारलं तर म्हणाली मोजत नाही, दोरा संपला की थांबते. मधेच शेजारणीशी भाव बोलायची, नातवाला ओरडायची, आणि परत जिथे सोडलं तिथून सुरू. मला तेव्हा वाटलं हे काय लक्ष लागणं झालं. आता माझी पन्नाशी आली आणि मला तिचं ते ‘परत सुरू’ हवंय.

ताई, तुमच्या आईने भाकरी थापतानाच गाणी म्हटली ना, भाकरी बाजूला ठेवून तर नाही?

पुन्हा_घरी

हा धागा मी तीनदा वाचला. लिहू की नको करत होतो. योनाथान भाऊ, हे तुझ्यासाठी जास्त आहे, प्रेमाने लिहितोय.

मी मराठवाड्यातला. २०११ साली चांगली पर्मनंट नोकरी सोडली, पूर्णवेळ सेवेसाठी. ज्या संगतीत तेव्हा मी होतो तिथे हेच शिकवलं जायचं, नोकरी करणारा अर्धा आणि सोडणारा पूरा. मी मनापासून सोडली, ढोंग नव्हतं. महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर, प्रार्थनासभा, उपवास, गावोगाव. बायकोने पाटल्या मोडल्या, मग शिवणकाम घेतलं. मी साक्ष देताना सांगायचो की देवाने आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. त्या शिलाई मशीनचा उल्लेख मी एकदाही केला नाही.

२०१५ च्या पावसाळ्यात तिला टायफॉईड झाला. मी तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेत होतो, फोन बंद. घरी आलो तर मुलगा, अकरा वर्षांचा, स्टुलावर उभा राहून गॅसवर भात ढवळत होता आणि आईला ताटात काय वाढू ते मला विचारत होता जसं पाहुण्याला विचारतात. तिला बरं वाटल्यावर ती एवढंच बोलली, तुम्ही देवाला सगळं दिलंत, त्यातलं आमचं किती होतं?

त्या रात्री मार्क ७ काढला. कुर्बान. आईबापाला सांगायचं की जे तुम्हाला माझ्याकडून मिळायचं ते मी देवाला वाहिलंय, आणि हात झटकायचे. हे देवाच्या नावाने केलेलं देवाला नको आहे, हे प्रभू त्या सगळ्यांत मोठ्या धार्मिक लोकांना सांगतो. मी कितीदा त्यावर संदेश दिला होता आणि प्रत्येक वेळी तो परुश्यांबद्दल होता. पहिलं तीमथ्य ५:८ तर इतकं कडक आहे की मी ते वाचायचंच टाळायचो.

आता हार्डवेअरच्या दुकानात आहे. रविवारी मुलांना शिकवतो. तो आवेश परत यावा असं अजून वाटतं, खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत देव जवळ होता हेही खरं आहे. पण मी घरच्यांचं उचलून त्याला देत होतो आणि त्याला वेदीवरचं म्हणत होतो. ताई, तुम्ही सासूबाईंचं करताय, रात्री परक्या माणसांचं करताय. ते अर्पणात धरत नाही असं कुणी म्हणालं तर त्याने आधी मार्क १२ ची चाळिसावी ओवी वाचावी, लांबलचक प्रार्थना आणि विधवांची घरं.

योनाथान_९८

दादा, काय बोलू. मुलाचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. ताई, शिफ्ट आणि पगाराबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेतो, माझ्यावर घराची जबाबदारी नाही आणि मी तुमच्यावर ओझं टाकलं.

पण एक मनात राहतंय ते विचारू का. सगळं सोडणारेही लागतात ना? कवी ना. वा. टिळक १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू करतात, पंचावन्न उलटलेली, आणि दोनच वर्षांनी १९१९ ला वारतात. बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे ख्रिस्ताभोवती एकत्र यावेत म्हणून. त्यांनी हिशोब करून पाऊल टाकलं असतं तर? मला भीती वाटते की ‘दमलीस एवढंच’ ह्या वाक्यात आम्ही धडधाकट लोक पण शिरून बसू.

नेवाशाचा मास्तर

योनाथान, तुझी भीती रास्त आहे आणि मी ती मनावर घेतली. ते वाक्य मी तिला लिहिलं, तुला नाही, स्वतःलाही नाही. ज्याच्याकडे चार तास वीस मिनिटं होती त्याने ॲप काढले हे बरोबरच केलं. आणि टिळकांचं बघताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय तेही बघ, घरातलं उचलून देऊन टाकण्याची टिळकांची सवय आणि पाठीमागे संसार कुणी ओढला ते. त्यांनी त्यात काही लपवलं नाही आणि प्रीतीही कमी केली नाही. मला त्या दोघांत पूर्ण कोण हे आजवर ठरवता आलेलं नाही.

केडगावची नात

मास्तरकाका, सलाम. तुमचं पटलं, पण एका ठिकाणी मला वेगळं वाटतं. ‘आत कोण बसलंय ते तपास आणि उठव’ असं तुम्ही लिहिलंत. माझा अनुभव असा की आपल्याला ते दिसतच नाही, देव दाखवतो तेव्हा दिसतं आणि त्याला वर्षं लागतात.

माझी पणजी मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढली, केडगावला, दौंडच्या अलीकडे. दुष्काळातली पोर होती. पंडिता रमाबाईंनी त्या काळात शेकडो मुली आणि विधवा आणल्या, शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्या बायकाच चालवायच्या. पणजी छापखान्यात खिळे जुळवायची. शिशाची बारीक अक्षरं, उलटी, एकेक उचलून ओळीत बसवायची, एखादं चुकलं तर चिमट्याने काढून परत. संध्याकाळी बोटं काळी असायची आणि ती तशीच जेवायला बसली की ओरडा खायची, असं आजी सांगायची. रमाबाईंचं सोप्या मराठीतलं बायबल ह्याच मुलींच्या हातून छापलं गेलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, आणि अख्खं बायबल बाहेर आलं १९२४ ला.

पण मला त्यांचं दुसरंच सांगायचंय. बाप्तिस्मा १८८३, इंग्लंडात. त्यानंतर त्या अमेरिकेत फिरल्या, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी जीव पाखडला. आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वतः लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी कळलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. रमाबाईंना! ज्यांनी घर, जात, लोकांचं कौतुक सगळं आधीच सोडलं होतं त्यांना. म्हणजे सोडून सोडून पूर्ण होता येत नाही. त्या म्हणतात की त्या आधी धर्मावर भरवसा ठेवून होत्या, मग ख्रिस्तावर ठेवला. काम तेच, विधवा त्याच, पहाटेचं उठणं तेच.

रात्रपाळी ताई, त्या आठ वर्षांत त्या अर्ध्या होत्या का? मला तसं म्हणवत नाही. देव त्या आठ वर्षांतही त्यांना ओढतच होता. तुम्हाला बाकावर रडू आलं ना, मला ते तसलं ओढणं वाटलं. मन मेलेलं असतं तर ड्युटी लिस्ट पूर्ण करून निवांत घरी आला असता.

रात्रपाळी

सगळ्यांनाच सलाम आणि काय लिहू कळत नाहीये. दोन नाईट झाल्या म्हणून उशीर.

मास्तरकाका, तुमचं ‘तपास’ मी केलं, आणि केडगावच्या ताई म्हणतात तसं मला सगळं दिसलं असेल असं नाही. पण एक दिसलं. मला भीती कशाची वाटते तर त्या मावशी काय म्हणतील ह्याची. गायनमंडळ सुटल्याचं दुःख जेवढं देवासाठी होतं तेवढंच, पांढरी साडी नेसून पुढे उभं राहायला मिळत नाही ह्याचं होतं. हे लिहिताना लाज वाटते पण लिहिलं. योनाथान भाऊ, तुमचाही राग नाही, मोबाईल मीही बघितला, ड्युटीवरून आल्यावर पाऊण तास बसमध्ये रील बघते. ते बंद करेन असं नाही म्हणत, निम्मं करते.

परवा रात्रीचं सांगते. आमच्या वॉर्डात एक आजी आहेत, अंगावरून वारं गेलेलं, बोलता येत नाही. बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, चादरीला सुरकुती राहिली नाही ना ते तळहाताने बघायचं. हे मी हजारो वेळा केलंय, हात आपोआप करतात. पहाटे चारला वॉर्डातली आया जेवायला गेली होती म्हणून एकटीच होते. आजींना माझ्या अंगावर घेऊन वळवलं तेव्हा त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि मी ‘तुझ्या नावाचे भय धरण्यास’ म्हणायला लागले, मोठ्याने नाही, ओठांतच. पुढचं ‘माझे चित्त एकाग्र कर’ म्हणेपर्यंत शेजारच्या बेडचं सलाईन संपल्याचं दिसलं. तिकडे गेले, बाटली बदलली, परत आले, ओळ पूर्ण केली आणि आजींची चादर ओढली. पापडीच्या ताई, ते तुमच्या आजेसासूंचं ‘परत सुरू’ तेव्हा डोक्यात होतं.

काही विशेष वाटलं नाही, कुठला प्रकाश वगैरे नाही. पाठ दुखत होती. पण सहाला आणि परत आठला, हँडओव्हर देण्याआधी, पुन्हा म्हटलं.

पुन्हा_घरी दादा, तुमच्या मिसेसचं वाक्य मी मिस्टरांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून सासूबाईंचं जेवण त्यांनी भरवलं.

मावशींकडे रविवारी जाणार आहे, भांडायला नाही. काय बोलायचं ते अजून ठरलं नाहीये. आणि काका, कालेबाने डोंगर मागितला तो अध्याय कुठला ते सांगता का, यहोशवा १४ का १५? मुलगी विचारतेय, मी तिला पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांची गोष्ट सांगायला घेतली आणि मलाच शेवट आठवेना.

नेवाशाचा मास्तर

१४, सहाव्या ओवीपासून. हेब्रोन मिळालं त्याला. तिला सांग की त्या डोंगरावर अनाकी होते, धिप्पाड माणसं, ज्यांना बघून बाकीचे हेर पंचेचाळीस वर्षांपूर्वी घाबरले होते, आणि ह्याने नेमका तोच मागितला. १५ व्या अध्यायात पुढे काय झालं ते आहे, ते उद्या वाचा.